सलग बसणं मोडा: बैठं काम करणाऱ्यांनी साखर सांभाळण्यासाठी दिवस कसा आखावा

रोज सकाळी पर्वती चढून येणारा, सुट्टीच्या दिवशी सिंहगड करणारा माणूस वार्षिक तपासणीचा रिपोर्ट बघून चक्रावतो. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा) ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं, रक्तदाब काठावर. ‘मी तर रोज व्यायाम करतो, मग हे कसं?’ हा प्रश्न आता घराघरांतून ऐकू येतो. उत्तराचा मोठा भाग उरलेल्या दिवसात असतो. सकाळचा तास संपला की हाच माणूस गाडीत बसतो, ऑफिसात बसतो, डबा खाऊन पुन्हा खुर्चीत जातो, घरी येऊन जेवतो आणि मोबाइल घेऊन सोफ्यावर बसतो. दिवसाचे नऊ-दहा तास असे जातात, आणि त्यातले बरेचसे सलग, मध्ये एकदाही न उठता.

व्यायाम सोडू नका, तो लागतोच. पण बैठ्या दिवसाला मधूनमधून तोडणं हे वेगळं काम आहे. ते कसं करायचं, किती वेळानं, किती मिनिटं आणि कोणी जपून, हे पुढे सविस्तर देतो.

आधी थोडं कारण

आपण जेवलो की अन्नातली साखर रक्तात उतरते. ती रक्तातून उचलून घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, त्यातही मांड्या, कुल्ले आणि पोटऱ्या. खुर्चीत बसल्यावर नेमके हेच स्नायू जवळपास स्वस्थ पडतात. मग साखर आत ढकलण्याचा सगळा भार इन्शुलिनवर येतो. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं, आणि हे रोज, वर्षानुवर्षं चाललं की पेशी त्याला दाद देईनाशा होतात.

स्नायू हलला की दुसरा मार्ग उघडतो. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं असतात. एरवी ती पेशीच्या आत राहतात आणि इन्शुलिनच्या सांगण्यावरून पृष्ठभागावर येतात. स्नायू आकुंचन पावला की ती इन्शुलिनची वाट न बघता वर येतात. म्हणून ज्याचं शरीर इन्शुलिनला नीट प्रतिसाद देत नाही, त्याच्याही स्नायूंना चालताना साखर घेता येते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासाठी ही फार मोलाची सोय आहे.

चरबीचंही असंच काहीसं आहे. रक्तातली चरबी फोडून स्नायूंना देणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे. उंदरांच्या मागच्या पायांवर भार पडू दिला नाही, तर त्या पायांच्या स्नायूंतलं हे विकर झपाट्यानं मंदावतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. माणसांत चरबीवरचा परिणाम साखरेइतका लगेच आणि स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे ट्रायग्लिसराइड आठवड्याभरात उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रयोगांनी काय दाखवलं

बसण्याचा आणि हृदयाचा संबंध जुना आहे. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसणारे ड्रायव्हर आणि जिने चढ-उतार करत तिकिटं फाडणारे कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता. पण त्या अभ्यासातून ‘बसणं मध्येच तोडलं तर काय?’ हे कळत नव्हतं.

ते कळलं बऱ्याच नंतर. मेलबर्नच्या बेकर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी ४५ ते ६५ वयाच्या, वजन जास्त असलेल्या १९ जणांना वेगवेगळ्या दिवशी प्रयोगशाळेत बोलावलं आणि साखर-चरबीयुक्त पेय देऊन पाच तास निरीक्षण केलं. एका दिवशी सलग बसवलं. एका दिवशी दर २० मिनिटांनी दोन मिनिटं सावकाश चालवलं, आणि आणखी एका दिवशी तेवढंच पण भरभर. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. सावकाश चालूनही जेवणानंतरची साखरेची चढ सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली, भरभर चालून सुमारे ३० टक्क्यांनी. इन्शुलिनही जवळपास तेवढ्याच प्रमाणात उतरलं. सावकाश म्हणजे ताशी ३.२ किलोमीटर, बाजारात भाजी बघत चालतो तेवढा वेग. घाम येत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत. ऑफिसात राहून हे करता येतं.

दुसरा प्रयोग न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला, २०१३ चा, आणि माझ्या मते बैठ्या कामाच्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा. ७० निरोगी माणसं, नऊ तासांचा दिवस. एकदा सलग बसणं, एकदा सुरुवातीला ३० मिनिटं चालून मग सलग बसणं, आणि एकदा तेवढंच चालणं तुकडे करून: दर अर्ध्या तासाला १ मिनिट ४० सेकंद. साखर आणि इन्शुलिन दोन्हींसाठी तुकड्यांतलं चालणं सरस ठरलं. सकाळी एकदाच चालून मग बसलेल्यांची साखर तुकड्यांत चालणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त राहिली. पण ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत उलटं झालं, तिथे सलग ३० मिनिटांचं चालणं जास्त उपयोगी पडलं. म्हणून सकाळचं फिरणं चालू ठेवा आणि दिवसही तोडा. एकाच्या बदल्यात दुसरं सोडू नका.

मधुमेह झालेल्यांवरचा प्रयोग डन्स्टन यांच्याच गटाचा, २०१६ चा. टाइप २ मधुमेहाच्या २४ जणांनी दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं एक तर सावकाश चाललं, किंवा जागच्या जागी उभं राहून पायांचे साधे व्यायाम केले. दोन्हींत जेवणानंतरची साखरेची वाढ सलग बसण्याच्या तुलनेत सुमारे ३९ टक्क्यांनी कमी. ज्यांना ऑफिसात फिरायला जागाच नाही, त्यांच्यासाठी ही मोठी दिलाशाची गोष्ट, कारण जागच्या जागीही काम भागतं. ते व्यायाम पुढे नीट सांगतो.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कीथ डियाझ यांच्या गटानं वेगवेगळे डोस तपासून पाहिले. दर तासाला एक मिनिट, दर अर्ध्या तासाला एक मिनिट, दर तासाला पाच, दर अर्ध्या तासाला पाच. साखरेवर ठळक फरक फक्त शेवटच्या डोसानं पडला. रक्तदाब मात्र अगदी थोड्या चालण्यानंही चार-पाच अंकांनी उतरला. त्यात माणसं ११ च होती, तेव्हा हा शेवटचा शब्द मानू नये. दोन, तीन की पाच मिनिटं यावर अभ्यासांचं अजून एकमत नाही. अर्ध्या तासाचं अंतर मात्र जवळपास सगळीकडे येतं, म्हणून मी तेच धरून पुढची आखणी दिली आहे.

आपल्याला हे जास्त का लागू पडतं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचं आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी-शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची सर्रास ठेवण आहे. साखर उचलणारे स्नायूच मुळात कमी, आणि जे आहेत तेही दिवसभर खुर्चीत. ‘मी जाड नाही, मला काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे पुन्हा वाचावेत.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या १४ हजारांवर लोकांची शारीरिक हालचाल मोजली होती. त्यांतले निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, निष्क्रिय या वर्गात मोडले.

पायरी १: एक दिवस बसणं लिहून काढा

सुरुवात गजर लावण्यापासून करू नका. आधी कामाचा एक नेहमीचा दिवस घ्या आणि कागदावर फक्त उठल्याच्या वेळा लिहा. स्वच्छतागृह, पाणी, चहा, झेरॉक्स, जे काही असेल ते. प्रवासही धरा: दुचाकी, पीएमपी, लोकलमध्ये मिळालेली विंडो सीट, सगळं बसणंच. रात्री दोन वेळांमधली अंतरं काढा आणि सगळ्यात लांब तीन पट्ट्यांखाली रेघ मारा.

बहुतेकांच्या कागदावर रेघा दोन ठिकाणी पडतात. एक डबा खाल्ल्यापासून दुपारच्या चहापर्यंत, दुसरी रात्रीच्या जेवणापासून झोपेपर्यंत. साखर सगळ्यात जास्त चढते ती जेवणानंतर तास-दीड तासात. म्हणजे शरीराला हालचालीची सर्वात जास्त गरज असते, नेमके तेव्हाच आपण सर्वात स्थिर असतो. म्हणून दिवसभर सोळा वेळा उठण्याचा निश्चय करण्याआधी हे दोन पट्टे तोडा. मला विचाराल तर सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पायरी २: जेवणानंतरची दहा मिनिटं

ओटागो विद्यापीठातच टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांना दोन सल्ले देऊन पाहिले होते. एक, दिवसात केव्हाही ३० मिनिटं चाला. दोन, प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चाला. दुसऱ्या सल्ल्यानं जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. एकूण चालणं तेवढंच, फक्त वेळ बदलली.

दुपारी: डबा संपला, हात धुतले की थेट जागेवर जाऊ नका. इमारतीभोवती, पार्किंगमध्ये, नाहीतर मजल्यावरच्या पॅसेजमध्ये दहा मिनिटं चाला. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी बाहेर पडणं शक्य नसतं, तेव्हा पॅसेजच बरा. डब्याची सुट्टी अर्ध्या तासाची असेल तर वीस मिनिटांत जेवण आणि दहा मिनिटं चालणं, अशी वाटणी करा. घाईनं गिळू नका. वेळ खरोखर कमी असेल तर पाच मिनिटं चाला आणि अर्ध्या तासानं पुन्हा पाच.

रात्री: आपल्या घरांत शतपावली होतीच. ती पुन्हा सुरू करा, पण दहा-पंधरा मिनिटांची. शंभर पावलं जेमतेम मिनिटभरात संपतात, तेवढ्यानं साखरेवर फार फरक पडायचा नाही. वेग गप्पा मारत चालण्याचा. भरपेट जेवून तरातरा चालण्याची गरज नाही, पोटात दुखेल किंवा छातीत जळजळेल. गच्ची, गल्ली, सोसायटीचं आवार, काहीच नसेल तर हॉल ते स्वयंपाकघर. जेवणानंतर वज्रासनात बसायची सवय असेल तर बसा, फक्त ते चालण्याच्या जागी धरू नका.

जेवण संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत उठलेलं चांगलं. तासभर मालिका बघून मग चालायला निघालात तर साखर तोवर चढून बसलेली असते. तरी उशिरा चालणं न चालण्यापेक्षा बरंच.

ही पायरी आठ-दहा दिवस अंगवळणी पडू द्या, मग पुढे जा.

पायरी ३: दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं

आता कामाचे तास. मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावता येतो, पण तिसऱ्या दिवशी तो बोट लावून बंद करायची सवय लागते, असा जवळपास सगळ्यांचा अनुभव. त्यापेक्षा उठणं कामालाच जोडलं तर टिकतं.

फोन आला की उभं राहायचं आणि बोलणं संपेपर्यंत चालायचं. पाण्याची लिटरची बाटली टेबलावर ठेवू नका. छोटा पेला ठेवा आणि तो भरायला दरवेळी उठा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मेसेज न पाठवता जाऊन बोला. दोन मजल्यांसाठी लिफ्ट नको. चहा टपरीवर जाऊन प्यायची पद्धत असेल तर फार उत्तम, फक्त दरवेळी साखरेचा चहा आणि बिस्किटं नकोत.

मला माहीत असलेल्या एका बँकेत काउंटरवर काम करणाऱ्या बाईंनी याची साधी तोड काढली. ठरावीक टोकन झाली की त्या उभ्या राहतात, खुर्ची मागे सरकवतात आणि पुढच्या दोन-तीन ग्राहकांची कामं उभ्यानंच करतात. पासबुक छापायचं असलं की शिपायाला हाक न मारता स्वतः प्रिंटरपर्यंत जातात. रांगेतल्या कुणाला यात काही वेगळं वाटत नाही. काम थांबत नाही आणि पाय मात्र चालू राहतात.

‘सारखा उठतो, काम टाळतो’ असं वरिष्ठांना वाटेल ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. सरळ सांगून टाका: ‘साखर काठावर आहे, डॉक्टरांनी दर अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटं चालायला सांगितलंय.’ आधी डॉक्टरांशी बोलून घ्या म्हणजे हे वाक्य खरंही असेल. आणि तुम्ही स्वतः वरिष्ठ असाल तर तासाभराच्या मीटिंगमध्ये मध्येच उभे राहा. तुम्ही उठलात की बाकीच्यांना उठायला संकोच वाटत नाही.

दर अर्ध्या तासाला जमत नसेल तर तासाला पाच मिनिटं करा. एखादा दिवस पूर्ण हुकला तर संध्याकाळी दुप्पट चालून भरपाई करायच्या मागे लागू नका, फक्त रात्रीची पंधरा मिनिटं सोडू नका.

पायरी ४: जागा नसेल तर जागच्या जागी

मधुमेहींवरच्या त्या २०१६ च्या प्रयोगातले व्यायाम थोडे सुटसुटीत करून देतो. तीन हालचाली, प्रत्येकी वीस सेकंद, आणि अशा तीन फेऱ्या. एकूण तीन मिनिटं. घड्याळ नको असेल तर प्रत्येक हालचाल दहा वेळा मोजा.

पहिली, टाचा उचलणं. टेबलाच्या कडेला किंवा भिंतीला बोटं टेकवा, पूर्ण वजन टाकू नका. दोन्ही टाचा सावकाश उचला, चवड्यांवर क्षणभर थांबा आणि तितक्याच सावकाश खाली या. टाच दाणकन आपटली तर पोटरीचं निम्मं काम वाया जातं. पोटरी घट्ट होते की नाही हे सुरुवातीला एकदा हात लावून बघा.

दुसरी, अर्धी बैठक. खुर्चीकडे पाठ करून उभे राहा, पावलं खांद्यांइतक्या अंतरावर. आपण खुर्चीत बसायला जातो तशी कंबर मागे नेत खाली जा आणि खुर्चीला टेकायच्या आधी वर या. गुडघे आत वळू देऊ नका, ते पावलांच्याच दिशेला राहिले पाहिजेत. खाली जाताना श्वास घ्या, वर येताना सोडा, रोखून धरू नका. गुडघे दुखत असतील तर जेमतेम वीतभर खाली गेलात तरी चालेल, किंवा खुर्चीत पूर्ण बसून हात न टेकता उठा.

तिसरी, गुडघा उचलणं. एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा कमरेच्या उंचीकडे आणा, खाली ठेवा, मग दुसरा. ज्या पायावर उभे आहात त्या बाजूचा कुल्ला आवळून धरा. साडी नेसली असेल तर गुडघा फार वर जात नाही, तेव्हा जागच्या जागी पावलं उचलत राहिलं तरी पुरे.

सुरुवातीच्या दोन-चार दिवसांत पोटऱ्या भरून येतात. मोहरीचं तेल, बाम वगैरेची गरज नाही, फेऱ्या तीनवरून एकवर आणा आणि आठवड्याभरात वाढवा.

एसटीत, विमानात किंवा ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर उभंच राहता येत नाही. तिथे चवडे टेकलेले ठेवून बसल्या बसल्या टाचा वर-खाली करा. ह्यूस्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात अशा हालचालीनं जेवणानंतरची साखर बरीच उतरलेली दिसली आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. पण तिथे माणसांना ती हालचाल शिकवून, यंत्रं लावून, तासन्‌तास करायला लावली होती. पायाला सूज येऊ नये, रक्त खेळतं राहावं म्हणून ती जरूर करा. तिच्या भरवशावर चालणं सोडू नका.

नुसतं उभं राहणं

उंच होणारी टेबलं आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत दिसतात आणि घरून काम करणारे ती विकतही घेतात. आयर्लंडच्या लिमेरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले. बसण्यापेक्षा उभं राहून जेवणानंतरची साखर थोडी उतरते, पण हलकं चालल्यानं त्याहून बरीच जास्त. शिवाय तासन्‌तास उभं राहिलं की पाय सुजतात, कंबर धरते, शिरा फुगलेल्यांना त्रास वाढतो. तेव्हा हजारो रुपये टेबलावर घालण्याआधी पॅसेजमधलं फुकटचं चालणं महिनाभर करून बघा.

जमिनीवर बसण्याबद्दल मात्र चांगलं बोलण्यासारखं आहे. टांझानियातले हाड्झा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसाचे जवळपास दहा तास विश्रांतीच्या अवस्थेत असतात, म्हणजे आपल्याइतकेच. पण त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि उकिडवं बसताना पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा जास्त काम करतात, असं २०२० मधल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी भाजी निवडणं, वर्तमानपत्र वाचणं, मुलांचा अभ्यास घेणं जमिनीवर करावं. मांडी घालून बसल्यावर पायांना खुर्चीइतकाच आराम असला तरी दरवेळी खाली बसणं आणि उठणं यात मांड्यांना काम मिळतं.

घर, दुकान, गाडी

लक्ष्मी रोडच्या कापडदुकानात गादीवर बसणारे, शिवणयंत्रावरचे शिंपी, सराफ, यांचं बसणं ऑफिसातल्यापेक्षा लांब असतं आणि दिवसही बारा तासांचा. गिऱ्हाईक गेलं की ठाण आवरायला पोऱ्याला न सांगता स्वतः उठा. शिंप्यानं कापायचं काम आणि शिवायचं काम वेगवेगळ्या दिवशी न ठेवता आलटून पालटून केलं तर उभं राहणं आपोआप मध्ये येतं. रिक्षा आणि कॅब चालवणाऱ्यांनी प्रवासी उतरला की स्टँडवर गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्यात. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरनं डिझेल, टोल, चहा अशा प्रत्येक थांब्यावर आधी चालावं, मग बसावं.

घरात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मनापासून सांगतो. आपल्याकडे बरेच पुरुष ऑफिसातून आले की पाणी, चहा, ताट, रिमोट सगळं बसल्या जागी मागतात. घरातली बाई प्रत्येक वेळी उठते. स्वतःचं पाणी स्वतः घेणं, ताटं उचलणं, ओटा आवरणं, अंथरुणं घालणं एवढं जरी अंगावर घेतलं तरी रात्रीचा तो सगळ्यात लांब पट्टा चार-पाच ठिकाणी तुटतो. जेवणानंतरची भांडी घासणं हे साखरेच्या दृष्टीनं अगदी अचूक वेळेचं काम आहे. निवृत्त झालेल्या आई-वडिलांनाही ‘तुम्ही बसा हो’ म्हणत प्रत्येक काम हातातून काढून घेऊ नका. फुलझाडांना पाणी, देवपूजेची तयारी, खालून दूध आणणं यात त्यांचे पाय हलते राहतात.

पायरी ५: फरक मोजा

घरी ग्लुकोमीटर असेल तर एक छोटा प्रयोग करा. दोन दिवस दुपारी अगदी तेच जेवण घ्या, समजा दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण-भात. एका दिवशी जेवून बसून राहा. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाला. दोन्ही दिवशी जेवायच्या आधी, आणि पहिल्या घासापासून एक तासानं व दोन तासांनी साखर मोजा. बोट टोचण्याआधी साबणानं हात धुऊन कोरडे करा. आंब्याचा रस किंवा गुळाचा कण बोटाला असला तरी आकडा भलताच वाढतो. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं.

घरगुती यंत्रात १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतं. म्हणून १६८ आणि १६० मध्ये अर्थ शोधू नका. १९० च्या जागी १५० दिसले आणि पुन्हा केल्यावरही तसंच दिसलं, तर चालण्याचा उपयोग होतोय. स्वतःच्या बोटावर हा फरक बघितला की गजराची फारशी गरज उरत नाही.

खरा हिशेब तीन महिन्यांनी. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्याआधी करून उपयोग नाही. सोबत उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब. पोटाचा घेर फीतपट्टीनं घ्या: श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजन काट्यावर फारसं उतरणार नाही, त्यानं निराश होऊ नका.

कोणी जपून करावं

इन्शुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर खाली खेचणाऱ्या गोळ्या घेणारे, यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. खिशात ग्लुकोज किंवा साखर असू द्या. घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं तर थांबा आणि मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांनी अनवाणी शतपावली करू नये, गच्चीवरही नाही. रोज रात्री तळवे आरशात बघावेत. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर बैठका सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्या ज्येष्ठांनी खुर्चीतून उठल्यावर क्षणभर काहीतरी धरून उभं राहावं आणि मग पाऊल टाकावं.

जेवून चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, असं काही झालं तर ते गॅसेस समजून घरी बसू नका. चालणं थांबवा आणि लगेच रुग्णालयात जा. लांब प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली, तर तेही तातडीचं.

तीन महिन्यांनी आकडे सुधारले तरी गोळी स्वतःहून कमी करू नका. उठल्याच्या वेळांचा कागद आणि ग्लुकोमीटरच्या नोंदी घेऊन जा, म्हणजे डोस ठरवताना डॉक्टरांना कामाची माहिती मिळते. आकडे हलले नसतील तर पुन्हा एक दिवस उठण्याच्या वेळा लिहून काढा. बहुतेक वेळा ऑफिसातलं उठणं जमलेलं असतं आणि रात्रीचा पट्टा तसाच राहिलेला असतो. तो तुटलेला असूनही साखर चढीच असेल, तर ताटातल्या पोळी-भाताचं प्रमाण, झोपेचे तास आणि औषध, हे तिन्ही डॉक्टरांपुढे ठेवायची वेळ झाली.